कमानीवर कोण बसवायचं : गरुड की कारवी?

काजऱ्याखालची | 11 फेब्रुवारी, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे. आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मी अंगणवाडी सेविका. गाव संगमेश्वर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला. डांबरी रस्ता आमच्या वाडीत संपतो आणि पुढे कडाच. गावच्या जैवविविधता समितीत माझं नाव आहे, कारण नाव घालताना एक बाई कमी पडत होती. 2002 च्या कायद्यातली ती समिती. एकदा नोंदवही भरली आणि ती कपाटात गेली. आता गावाच्या तोंडाशी कमान उभी राहतेय. सरपंच म्हणाले, खांबावर गावाची ओळख म्हणून एक चित्र काढायचं, कुठलं ते समितीनं ठरवा. एकच, कारण पैसे एकाच चित्राचे आहेत. दुसऱ्या खांबावर योजनांची यादी.

बैठक बसली. पुरुष मंडळी एका सुरात म्हणाली, गरुड. (पुस्तकातला धनेश. आमच्याकडे त्याला गरुडच म्हणतात. विष्णूचा तो वेगळा.) बायका म्हणाल्या, कारवी. मग जी जुंपली ती चहा गार होईपर्यंत. "फूल काय, आज आहे उद्या नाही" असं एक जण म्हणाला. त्यावर माझ्या सासूबाई, ज्यांना बैठकीत बोलावलंच नव्हतं, दारातून म्हणाल्या, "तुझा गरुड तुझ्या आजाला निवारा देत होता काय रे? कारवीच्या कुडात जन्मलास तू." सभा तिथंच संपली. ठरवायचं काम माझ्यावर आलं, कारण मला मोबाइलवर मराठी टाइप करता येतं.

आता माझी अडचण. मला दोन्ही रोज दिसतात.

अंगणवाडीच्या वाटेवर देवराई आहे. तिथं एक बेहडा आहे, तीन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या ढोलीत जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मादी बसली. आतून तिनं दार लिंपून घेतलं. आता नुसती उभी फट दिसते, माझी दोन बोटं जातील न जातील एवढी, आणि मधूनच चोचीचं टोक. नर दिवसातून चारपाच वेळा येतो. येण्याआधी पंखांचा आवाज येतो, सूप पाखडल्यासारखा. फांदीवर बसतो, मान मागे टाकतो आणि गळ्यातून एकेक उंबर वर आणून फटीत देतो. परवा मी मोजली, एका फेरीत 19. एवढी फळं गळ्यात ठेवून हा ओरडतो कसा, देव जाणे. आतली बाई स्वच्छतेची भारी. घाण फटीतून नेम धरून बाहेर. झाडाखाली त्याचा पट्टाच पडलाय आणि त्यात उंबराची, कसली कसली रोपं वर आलीत.

आणि कारवी. ती कड्याच्या पोटाला, आमच्या परसातून दिसते. उन्हाळ्यात बघाल तर नुसत्या काठ्या, मेल्यासारख्या. पावसात दोन पुरुष उंच हिरवी भिंत, पानं खरखरीत, हातावर ओरखडे. सहा वर्षं हेच. गेल्या सप्टेंबरात वरचा अख्खा उतार फुलला. निळा म्हणावा तर जांभळा. मधमाश्यांचा आवाज एवढा की शेजारणीला वाटलं कुणी पंप चालू ठेवलाय. सासूबाईंचं सगळं आयुष्य कारवीवर मोजलेलं. "माझं लग्न कारवी फुलली त्याच्या दुसऱ्या साली. थोरला पुढच्या फुलीला चालायला लागला." त्यांना जन्मतारीख विचारली तर माहीत नाही, पण कारव्या विचारा.

तर प्रश्न असा. पक्षी आणि रानातलं झुडूप यांची तुलना करायची तर कशावर? दिसण्यावर? उपयोगावर? दुर्मीळ कोण त्यावर? की हे तराजूत घालायचंच नसतं? जाणकारांनी सांगावं. पेंटर महिनाअखेरीला येतोय.

---

दुर्बीण_डबा_पाणी | 11 फेब्रुवारी, रात्री 10.55

ताई, पहिली गोष्ट: ढोलीपासून तुम्ही किती अंतरावर उभ्या राहता? चित्राचं नंतर बघू. नर बुजरा असतो. खाली माणूस दिसला की तो फळं गळ्यात घेऊन लांबच्या झाडावर बसून राहतो, आणि आत कोंडलेली मादी उपाशी. तिची उडायची पिसं याच काळात झडतात. बाहेर पडून स्वतः चारा शोधावा म्हटलं तरी जमणार नाही. नर मेला तर सगळा संसारच गेला. तेव्हा फळं मोजायची असतील तर लांबून मोजा, आणि गावातल्या फोटोवाल्या पोरांना ती जागा सांगू नका.

दुसरं, हा कुठला धनेश? आपल्या भागात मोठा म्हणजे महाधनेश आहे, मलबारी कवड्या धनेश आहे, आणि शिंगाशिवायचा मलबारी राखी. महाधनेश असेल तर चोच आणि वरचं शिंग पिवळंधमक, मान पिवळसर, पंखावर पांढरा पट्टा आणि आवाज सुपाचा नाही, आगगाडीच्या इंजिनाचा. वर्णनावरून तुमचा कवड्या वाटतो. पाठ काळी, पोट पांढरं, शिंगावर काळा डाग. बरोबर का?

माझं मत विचाराल तर धनेश. चिपळूणपासून खाली बांद्यापर्यंत मी वीस वर्षं दुर्बीण गळ्यात घालून हिंडतोय आणि बघतोय, जिथं देवराई तोडली तिथून हा गेला. कारण साधं आहे. याला ढोली लागते, ती जुन्याच झाडाला होते, आणि हा स्वतः ढोली पोखरत नाही, मिळेल ती घेतो. पन्नास-शंभर वर्षांचं एक झाड पाडलं की एका जोडीचं घर गेलं. वर बारा महिने वड, पिंपळ, उंबर, नांदरूक यांपैकी काहीतरी पिकत राहायला हवं. गावात धनेश आहे याचा अर्थ गावात जुनी झाडं आहेत. कमानीवर याहून चांगलं प्रमाणपत्र कुठलं?

जाता जाता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर धनेशच आहे. विल्यम नावाचा महाधनेश 1894 ते 1920 त्यांच्या कचेरीत राहायला होता, त्याची ती आठवण. केरळनं आणि अरुणाचलनं राज्यपक्षी म्हणून महाधनेशच घेतलाय. म्हणजे तुमच्या पुरुष मंडळींची पसंती अगदीच वाया गेलेली नाही.

---

दोडामार्गचो | 12 फेब्रुवारी, सकाळी 7.12

आमच्या हयसर तेका माडगरुड म्हणतत. ताईंचा नाव 'काजऱ्याखालची' वाचून हसाक इला. काजऱ्याची फळा हो माडगरुड खाता. बी इतक्या कडू आणि इखारी, पण हो गर खाता आणि बी टाकून मोकळो. आमच्या कुळागराच्या कडेक काजरो कोणी लावलो नाय, ह्येनीच लावलो. माझा मत गरुडाक.

---

निवृत्त_हर्बेरियम | 12 फेब्रुवारी, दुपारी 1.30

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात चौतीस वर्षं गेली, तेव्हा उत्तर लांबणार. सुपारी कातरत वाचा.

प्रथम थोडी सफाई. आपण बोलतो आहोत ती कारवी म्हणजे स्ट्रोबिलँथेस कॅलोसा. कासच्या सड्यावर कमरेएवढ्या, टोपली पालथी घातल्यासारख्या झुडपांची असते ती टोपली कारवी, ही तिची बहीण. मुन्नारची नीलकुरिंजी दुसरी बहीण, ती बारा वर्षांनी फुलते. 2006 ला फुलली, मग 2018 ला. आपली साधारण सात वर्षांनी म्हणतात, पण मोजायला बसलं तर आठही भरतात. मुंबईच्या संजय गांधी उद्यानात 2008 ला फुलली आणि नंतर 2016 ला. शिवाय सगळ्या सह्याद्रीचं एकच वेळापत्रक नाही. या डोंगराचं वेगळं, पलीकडच्या खोऱ्याचं वेगळं. तुमच्या सासूबाईंचं कॅलेंडर तुमच्या उताराला लागू, शेजारच्या गावाला नाही.

आता तुलनेचं. धनेशाची जोडी दर वर्षी एक किंवा दोन पिल्लं काढते आणि अनेक वर्षं काढत राहते. एखादं वर्ष फसलं तर पुढचं आहे. कारवीचं तसं नाही. ती आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. आणि एक झुडूप नव्हे, तुम्ही परसातून बघता तो अख्खा उतार एकाच वयाचा आहे. एकाच पावसाळ्यात रुजला, एकाच सप्टेंबरात फुलला, एकाच वेळी मरणार. एवढं बी एकदम पडलं की उंदीर, किडे, पाखरं खाऊन खाऊन किती खातील? उरतं ते रुजतं. दरवर्षी थोडं थोडं फुललं असतं तर सगळं खाल्लं गेलं असतं, असा त्यामागचा हिशेब सांगतात. म्हणजे कारवीचा सगळा जुगार एका डावावर.

आणि तो डाव सप्टेंबरात संपत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण फुलं बघायला येणारे सगळे फुलं गेली की पाठ फिरवतात. फुलांनंतर जी कणसासारखी बोंडं राहतात, त्यांत बी आहे. ती वाळतात, काठीवरच राहतात आणि थेट पुढच्या पावसाची वाट बघतात. पहिला पाऊस लागला, बोंड भिजलं की ते तडकतं आणि बी उडतं. उतारावर उभे राहिलात तर सगळीकडून टकटक ऐकू येते. खात्री करायची असेल तर एक वाळकं कणीस आणून बशीत पाणी घालून ठेवा. तोंड जरा लांब ठेवा.

म्हणजे या घडीला, फेब्रुवारीत, तुमच्या गावातली पुढच्या सात वर्षांची कारवी मेलेल्या काठ्यांवर टांगलेली आहे. त्या काठ्या सरपणाला गेल्या किंवा वणवा आला, तर त्या उताराचा खेळ संपला. बियांची दुसरी शिल्लक कुठं नाही.

माझं मत कारवी. पण ते माझ्या पेशामुळे आहे हे मान्य.

---

बोरिवली_ते_गुहागर | 12 फेब्रुवारी, रात्री 11.05

सर, 2016 ला मी होतो तिथे! नॅशनल पार्कात रविवारी पहाटे रांगेत. माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, हे पुढच्या वेळी फुलेल तेव्हा मी कितवीत असेन?" मी मोजलं आणि गप्प बसलो. ती कॉलेजात असणार होती.

ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या आजीचं गुहागरकडचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या कांबीला वेलीनं बांधलेल्या, दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा. लहानपणी आजारी पडलो की मी त्या भिंतीला लागून झोपायचो आणि जिथं गिलावा उडालाय तिथल्या काठ्या मोजायचो. एका खणात 31. उन्हाळ्यात आत इतकं गार की काका मुंबईहून आले की पंखा नसल्याची तक्रार विसरायचे. 1998 ला चिऱ्याचं घर बांधलं. आता एसी आहे. पडवळाचा मांडव तेवढा अजून कारवीच्या काठ्यांचा असतो.

एक गंमत: महाराष्ट्रानं राज्यपक्षी हरियाल ठेवला, राज्यफूल ताम्हण, राज्यप्राणी शेकरू. सगळ्यांना वेगवेगळी खुर्ची दिली म्हणून भांडण नाही. तुमच्या सरपंचांनी एकच खुर्ची मांडलीय, तिथंच घोळ आहे.

---

सरळच_बोलतो | 13 फेब्रुवारी, सकाळी 8.20

कमान कशाला पाहिजे? तेवढ्या पैशात जाळरेषा काढा. मार्चात वणवा लागेल तेव्हा बेहडाही जाईल, कारवीही जाईल, आणि रंगवलेला गरुड तेवढा राहील.

---

काजऱ्याखालची | 13 फेब्रुवारी, रात्री 10.15

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

दादा (दुर्बीण), हो, कवड्याच आहे, पोट पांढरं. मी वाटेवरूनच बघते, पावलं मोजली तर 70 भरली. पण तुमचं वाचून आज वाटच बदलली, खालच्या बांधावरून गेले. पाच मिनिटं जास्त लागली, उशीर झाला म्हणून पर्यवेक्षिका बाईंचं ऐकून घेतलं. त्यांना काय सांगू, पाखराला संकोच वाटतो म्हणून उशीर झाला?

सर (हर्बेरियम), तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना घशात अडकलं. सांगूनच टाकते. जानेवारीत अंगणवाडीतला गॅस संपला, सिलिंडर यायला आठ दिवस. पोरांची खिचडी तर व्हायला पाहिजे. मी आणि मदतनीस, दोघी वर गेलो आणि कारवीच्या वाळक्या काठ्यांच्या तीन मोळ्या आणल्या. बोंडांसकट. मेलेलंच आहे म्हणून तर आणल्या, जिवंत काठीला मी कोयती लावली नसती. चुलीत ती कणसं तडतड वाजत होती आणि पोरं टाळ्या पिटत होती. मीच त्यांना म्हटलं, बघा, दिवाळी राहिली होती ती आली.

तीन मोळ्या म्हणजे काही अख्खा डोंगर नव्हे, हे कळतं. पण वर जाणारी मी एकटी नाही. उद्या घराघरात जाऊन बघते, कुणाच्या पडवीत काय रचलंय ते.

बशीचा प्रयोग आज केला. पडवीत बसून. बराच वेळ काही होईना, तोवर चहा आला. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या सरांनी तुला खुळी केली. मग एकदम 'टक'. बी कुठं गेलं ते दिसलं नाही. दुसरं वाजलं तेव्हा दिसलं, मामंजींच्या चहात. त्यांनी बोटानं काढलं, निरखलं आणि म्हणाले, "ह्यासाठी थांबते होय ती." आणि ते बी त्यांनी कुंडीत खोचलं, तुळशीशेजारी. 78 वर्षं त्या डोंगराखाली राहून त्यांना हे माहीत नव्हतं. काठीचं सगळं माहीत: कुठली कुडाला, कुठली मांडवाला, कुठल्या महिन्यात तोडली की किडत नाही. बियाचं नाही.

'सरळच' भाऊ, तुमचं बोलणं टोचलं, पण त्यावरून एक सुचलं. मी कागदावर दोन रकाने आखले होते, एकीकडे गरुड, एकीकडे कारवी. रूप, उपयोग, दुर्मीळपणा, सगळं भरून पाहिलं, काही जुळेना. मग महिने भरले. गरुडीण आत बसली जानेवारीअखेर, पिल्लं बाहेर येणार एप्रिल-मेमध्ये. कारवीचं बोंड वाळलं हिवाळ्यात, फुटणार जूनमध्ये. दोघींचा जीव नेमका याच चार-पाच महिन्यांत टांगणीला, आणि आमच्या गावात तोड, भाजावळ, वणवे सगळं याच चार-पाच महिन्यांत. फरक एवढाच की गरुडीण चुकली तर पुढच्या साली परत बसेल. ही बसणार नाही.

---

निवृत्त_हर्बेरियम | 14 फेब्रुवारी, सकाळी 6.50

बाई, हे दोन रकान्यांचं माझ्या चौतीस वर्षांत मला सुचलं नाही. मी पक्ष्यांच्या लोकांशी कायम भांडत आलो.

तीन मोळ्यांचं मनाला लावून घेऊ नका. पाचदहा टक्के सरपण गेल्यानं उतार मरत नाही. त्याच हिशेबानं तर ती एवढं बी धरते. आग मात्र टक्केवारीत येत नाही.

---

दुर्बीण_डबा_पाणी | 14 फेब्रुवारी, दुपारी 2.10

सर, भांडण चालूच ठेवू, मजा येते. एक भर घालतो. धनेश जी फळं खातो त्यांचं बी लांबवर जाऊन टाकतो. त्यातून जंगल वर येतं. त्या जंगलाच्या पायाशी, उतारावरची माती धरून कोण उभं असतं? कारवी. ताई, तुमच्या बेहड्याखाली कारवी आहे का बघा. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या ढोल्यांखाली असते. पक्षी कारवीला विचारत नाही, कारवी पक्ष्याला विचारत नाही, पण दोघांचे मालक एकच.

---

काजऱ्याखालची | 9 मार्च, रात्री 9.05

मंडळी, घडामोडी.

ग्रामसभा झाली. मी उभी राहून बोलले, हातात बशी घेऊन. प्रयोग तिथं करणार होते, पण बोंडानं ऐन वेळी दगा दिला. वाजलंच नाही. लोक हसले, मीही हसले. मग मामंजी उठले. ते सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाले, "माझ्या चहात पडलं होतं, मी साक्षीदार आहे."

ठराव असा झाला: देवराईत झाड तोडायचं नाही, हा जुनाच नियम, नुसता पुन्हा लिहिला. वरच्या उताराची वाळकी कारवी पहिला पाऊस पडेपर्यंत कुणी आणायची नाही. यावर बायकाच चिडल्या, आणि बरोबर चिडल्या. "सिलिंडर काय तुझा गरुड आणून देणार?" असं मला तोंडावर विचारलं. तेव्हा तडजोड झाली की खालचा पट्टा, जो यंदा फुललेला नाही, त्यातल्या मोडक्या काठ्या घ्यायच्या, वरचा ठेवायचा. किती पाळतील बघू. जाळरेषा काढायला रविवारी 14 माणसं आली. 'सरळच' भाऊ, नोंद घ्या.

आता पेंटर. सरपंचांनी परस्पर फोन करून सांगितलं होतं, "गरुड काढा." काल त्यानं मोबाइलवर कच्चं चित्र पाठवलं. मुकुट, गळ्यात हार, दोन हात जोडलेले, एक गुडघा टेकलेला, मागे पंख, नाक अगदी टोकदार. साक्षात विष्णूचं वाहन! नशीब, अजून खांबावर चढलं नव्हतं. एकदा चढलं असतं तर देवाला चुना कोण फासणार? सासूबाईंनी मोबाइलवरच नमस्कार केला.

मी त्याला आपल्या गरुडाचा फोटो पाठवला. तो म्हणाला, ताई, ह्याच्या डोक्यावर ते काय आहे, चपला? मी म्हटलं, शिंग आहे, पोकळ असतं. तो म्हणाला, पोकळ आहे तर काढायचं कशाला.

बरं, दादा, त्याला एक नक्की सांगायचंय. डोळ्याभोवती रंग काय द्यायचा? आणि बेहड्याखाली बघितलं. आहे कारवी. चारच झुडपं, पण आहे.

---

दुर्बीण_डबा_पाणी | 9 मार्च, रात्री 9.30

नर काढणार असाल तर डोळ्याभोवतीची कातडी काळसर निळी, डोळा लाल, शिंगाच्या मागच्या कडेला काळं. मादी असेल तर डोळ्याभोवती पांढरट आणि शिंगाच्या मागे ते काळं नाही. बहुतेक सगळे नरच काढतात, उठून दिसतो म्हणून.

---

काजऱ्याखालची | 28 मार्च, रात्री 8.45

मादी काढायला सांगितली. तीन महिने ती अंधारात कोंडून बसते, कमानीवर तरी उजेडात बसू दे. पेंटरला फरक कळला नाही, पण रंग कमी लागला म्हणून खूश.

आणि कारवीचं म्हणाल तर सरपंचांशी भांडून योजनांची यादी खांबाच्या मागच्या अंगाला पाठवली. पुढचा दुसरा खांब कोरा ठेवलाय. नुसता हिरवा रंग, वर काही नाही. येणारा-जाणारा विचारतो, पैसे संपले काय? मी सांगते, नाही, इथं फुलं यायचीत, वेळ आहे अजून. पेंटरलाच सांगून ठेवलं, वरचा उतार पुन्हा फुलेल त्या सप्टेंबरात ये आणि जांभळं भर.

तो म्हणाला, येईन की. पण तेव्हाचा रेट आत्ता सांगता येणार नाही.